वीणा कोणाच्या गळ्यात

गोव्यात म्हापशाला बोडगेश्वराच्या पाया पडून पंढरपूरची दिंडी निघाली तेव्हा उघडीप होती. थिवीला पोचेपर्यंत असा कोसळला की पताका काठ्यांना चिकटल्या आणि मृदंगाला प्लास्टिक गुंडाळावे लागले. त्यानंतरचे दिवस मला आता वेगळे काढता येत नाहीत. काकडा, चहा, चाल, हरिपाठ, न वाळलेले कपडे, परत काकडा.

अस्नोड्याची दुपार तेवढी लख्ख आठवते. पाऊस थांबून कडक ऊन पडले होते. ओल्या बुटांत डाव्या टाचेचा फोड फुटला आणि मी रस्त्याकडेच्या दगडी कुंपणावर बसले. चोपदार "चला माउली, चला" करत पुढे गेले. त्या क्षणी त्यांच्या 'माउली'चा मला संताप आला. टाळ लांब लांब गेले. नामस्मरण वगैरे काही सुचत नव्हते, टाच तेवढी होती.

"यो गो बाय, वयर यो. पांय पळोवया."

समोरच्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, एक म्हातारी उभी होती, अंगात फुलाफुलांचा झगा, गळ्यात तेर्स, ख्रिस्ती जपमाळ. तिने मला सोप्यावर बसवले आणि काही न विचारता आतून कढत पाण्याचे टोपले आणले. त्यात मूठभर मीठ टाकले. मी पाय आखडून घेतला, कारण आईच्या वयाच्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे कसेतरीच होते. तिने घोटा धरून पाय पाण्यात घातलाच. मग शिवणकामाची छोटी कात्री मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली, फोडाची लोंबणारी कड तेवढी कापली. बाकीची मी ओढायला गेले तर हातावर चापट मारली. "कात काडूं नाका, आपशीच सुकतली." खोबरेल तेलात हळद कालवून लावली, जुन्या साडीची पट्टी बांधली. मुलगा तारवटी, बोटीवर असतो. त्याचे कोरे सुती मोजे कपाटातून काढून तिने माझ्या पायांत चढवले. मोठे होते, पण शिवण टाचेला लागत नव्हती.

भिंतीवर मिलाग्रीस सायबिणीची, म्हणजे मेरी मातेची, तसबीर होती, तिला मोगऱ्याचा सुकलेला हार. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ती म्हणाली, "शिरगांवची लईराय आनी आमची सायबीण भयणी न्हय?" बार्देश-डिचोलीत हे कुणाला सांगावे लागत नाही. लईराई धरून सात देवी-बहिणी, त्यांतली मिराबाई ती म्हापशाची मिलाग्रीस. शिरगावहून तिच्या फेस्ताला तेल जाते, म्हापशाहून लईराईला मोगरे येतात. साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांनी देवळे मोडली, माणसे बाटवली, घरे दुभंगली, तरी बहिणींचे येणेजाणे लोकांनी मोडू दिले नाही. हे मला लहानपणापासून माहीत होते. त्या दुपारी ते माझ्या टाचेला बांधलेले होते.

निघताना तिने मेणबत्त्यांचा पुडा हातात दिला. "पंढरपुरांत म्हज्या नांवान एक पेटय." मी "देव बरें करूं" म्हटले आणि लंगडत दिंडी गाठली.

डिचोली झाली, साखळीला विठ्ठलापुरात दर्शन झाले.

पुढचा मुक्काम सत्तरी तालुक्यातल्या एका गावात होता. गावाचे नाव लिहीत नाही. देवळाचा सभामंडप ऐसपैस, यजमानांनी आधण ठेवलेले. त्यांच्यातल्या एकाने आमच्या दिंडीच्या बुवांना बाजूला घेतले आणि हळूच सांगितले, "त्या वाड्यावरच्यांची सोय शाळेत केलीय." कुठला वाडा ते सांगितले नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला कळले. आमच्या दिंडीत भंडारी आहेत, मराठे आहेत, बामण आहेत, गावड्यांच्या बाया आहेत आणि महारवाड्यावरची तीन घरे आहेत. गावडा, कुणबी, वेळीप यांची 2003 साली अनुसूचित जमातींत नोंद झाली. सरकारी कागदावर मान मिळाला. पंगतीतला मान दर संध्याकाळी नव्याने मागावा लागतो, आणि शाळा कुणासाठी हे त्या बायांनाही आमच्याआधी कळले होते.

बुवा काही बोलले नाहीत. सभामंडपाची पायरी न चढता ते तसेच पावसात मागे फिरले आणि गळ्यातली वीणा उतरवून आजोच्या गळ्यात घातली. आजो म्हणजे त्या तीन घरांतले सगळ्यात वडील. वीणा ज्याच्या गळ्यात त्याच्या पाया पडायचे, हा आपला रिवाज. बुवा तिथेच चिखलात वाकले. मग म्हणाले, "कीर्तन शाळेत."

सगळे गेले असे लिहायला मला आवडले असते. निम्मे गेले. उरलेल्यांचे गुडघे दुखत होते, अंथरूण ओले होते, यजमानांना वाईट वाटले असते. माझी सख्खी आत्याही देवळात राहिली. जी आत्या रोज रात्री मांडीवर पाय घेऊन मला तेल चोळत होती, तीच. मला तिचा इतका राग आला की जांबोटीपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही.

शाळेच्या व्हरांड्यात कीर्तन उभे राहिले आणि लाईट गेली. सत्तरीत पावसाळ्यात जाणारच. मी अस्नोड्याचा पुडा फोडला. आजो वीणा छातीशी धरून उभे होते, बोटे तारेवर नीट पडत नव्हती. कीर्तन झाल्यावर भाकरी खाताना त्यांनी आपल्या आजोबांचे सांगितले. ते पोर्तुगीज काळात पायी पंढरपूरला गेले होते. चोखोबांच्या समाधीपाशी डोके टेकले, कळसाकडे पाहिले आणि परतले, कारण त्यापुढे जायची मुभाच नव्हती. साने गुरुजींनी 1 मे 1947 ला उपोषण धरले, 10 मे रोजी ते सुटले आणि विठोबाचे दार सगळ्यांना मोकळे झाले. आजोबा त्याआधीच वारले होते. "म्हणून मी दर वर्षी दोन वेळा डोकें टेकतां," आजो म्हणाले, "एक तांचें, एक म्हजें."

चोर्ला घाट जळवा, धुके आणि ट्रकच्या हॉर्नमध्ये गेला. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमावर पाय धुतले. बेळगाव. मिरज. पंढरपूर.

दर्शनरांगेत माझ्या पुढे आत्या होती. महाद्वारी चोखोबांच्या समाधीवर तिने कपाळ टेकवले, डोळे भरून आले तिचे. हे मी पाहिले आणि मला आणखीच कळेनासे झाले. त्या समाधीवर कपाळ ठेवणारी माझी आत्या आजोच्या शेजारी पानावर बसत नाही. तिची भक्ती खोटी नाही, मी शपथेवर सांगेन. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा चोखोबा संत झाला, म्हणून तो चालतो. आपल्या वाड्याच्या पलीकडचा, अजून जिवंत असलेला माणूस अवघड जातो. वारीत सगळे समान असतात असे लोक म्हणतात, पण कुणीतरी चिखलात वाकावे लागते तेव्हा ते थोडेसे होते, आणि दुसऱ्या मुक्कामी पुन्हा वाकावे लागते.

म्हातारीच्या नावाची मेणबत्ती वाळवंटात लावली. वाऱ्याने राहीना, आजोंनी टोपीचा आडोसा केला.

यंदा मुक्कामांची पत्रे पाठवताना आम्ही एक ओळ घातली आहे: दिंडी एका छपराखाली झोपेल आणि एका पंगतीत जेवेल. बहुतेकांनी होकार कळवला. गेल्या वर्षीच्या त्या गावाकडून उत्तर नाही, तेव्हा तिथल्या शाळेची चावी मागून ठेवली आहे, या वेळी सगळ्यांसाठी. वीणेची पाळी वाड्यांप्रमाणे लावली. यावरून दोन घरांनी नावे काढून घेतली, बुवांनी मन वळवायचा प्रयत्न केला, ती आली नाहीत. आत्याने मात्र नाव दिले आहे. पंगतीचे विचारले तर "बघूं" म्हणाली. वाढपाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तिच्या ओळीला वाढायला आजोंच्या सुनेला सांगितले आहे.