खिशातल्या टॉर्चला कुठला सेल घालायचा

आमच्या घरी टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल, म्हणून मी पण इथे सेलच म्हणणार आहे, नाहीतर लिहिताना गोंधळ होतो.

चार्जिंगच्या सेलकडे वळलो ते एक चांगली छोटी टॉर्च हातची गेली म्हणून. साधा अल्कलाइन सेल घालून कपाटात ठेवली होती, बऱ्याच महिन्यांनी लाइट गेले तेव्हा काढली तर सेल गळून आत पांढरी पूड साचलेली, स्प्रिंग गंजलेली, झाकण फिरेना. फार जीव होता त्या टॉर्चवर. त्यानंतर खिशातल्या कुठल्याच टॉर्चमध्ये मी अल्कलाइन घातलेला नाही.

मग प्रश्न येतो की घालायचं काय. बहुतेक जण आधी एमएएच (मिलिअँपिअर-अवर, सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) बघतात आणि फसगत तिथेच होते, कारण नुसत्या एमएएचवरून दोन वेगळ्या जातीच्या सेलची तुलना होतच नाही, व्होल्टेज पण धरावं लागतं. एए साइजचा (नेहमीच्या पेन्सिल सेलएवढा) निकेल मेटल हायड्राइड हा चार्जिंगचा सेल साधारण 2000 एमएएचचा असतो पण 1.2 व्होल्टचा, म्हणजे 2.4 वॉट-अवर ऊर्जा. त्याच साइजचा लिथियम आयन, ज्याला 14500 म्हणतात (14 मिमी जाड, 50 मिमी लांब, नावातच माप आहे), तो 900 एमएएचचा असला तरी 3.7 व्होल्टचा, म्हणजे 3.3 वॉट-अवर. आकडा निम्म्याहून कमी आणि ऊर्जा जास्त!

पण आधी निकेलवाल्याबद्दल बोलतो, कारण त्याला लोक उगाच जुनाट समजतात. पूर्वीचे सेल नुसते पडून पडून उतरायचे हे खरं आहे, पण 2005 मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासून चित्र बदललं, या प्रकारचे चांगले सेल वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून असतात. 1.2 व्होल्ट ऐकून घाबरायचं कारण नाही, एलईडीला तसेही साधारण 3 व्होल्ट लागतात त्यामुळे एका सेलच्या टॉर्चमध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतंच, आणि अल्कलाइनचं व्होल्टेज 1.5 वरून घसरत जातं तसं याचं होत नाही, बराच वेळ एका पातळीवर टिकतं. शिवाय चुकून पूर्ण उतरला तरी लिथियमइतकं नाजूक प्रकरण नाही. एएए मात्र बारीकच, 800 एमएएचच्या आसपास, पेनासारख्या टॉर्चला ठीक.

14500 चा उजेड जोरदार असतो यात वाद नाही, पण माझी एक टॉर्च मी याच नादात जाळली. साइज तीच, सेल आत नीट बसला, म्हणून चालेल असं धरलं. पूर्ण चार्ज झालेला 14500 हा 4.2 व्होल्ट देतो आणि ती टॉर्च 1.5 साठी बनवलेली, क्षणभर डोळे दिपतील असा उजेड पडला आणि सर्किट गेलं. तेव्हा टॉर्चच्या कागदावर 14500 चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला. दोन्ही चालणाऱ्या टॉर्च मिळतात आणि खिशासाठी माझं मत त्यांनाच आहे, रोज 14500 वापरायचा, तो संपला की कुठलाही एए घालून काम भागतं.

18650 (हा पण लिथियम आयनच, 18 मिमी जाड, 65 मिमी लांब) ची गोष्टच वेगळी, चांगला असेल तर 3000 ते 3500 एमएएच, म्हणजे 14500 च्या जवळपास चौपट ऊर्जा. रात्रीची ड्युटी असेल तर सरळ तोच घ्या. पण एवढा मोठा सेल म्हटल्यावर टॉर्च जाडजूड होते आणि जड झाली की ती घरीच राहते, माझी तरी राहिली. आणि त्यावर 9900 एमएएच वगैरे छापलेलं दिसलं तर हात लावू नका, या साइजमध्ये तेवढं मावतच नाही.

यूएसबीने चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेल पण निघालेत. त्यातले बरेचसे शेवटपर्यंत 1.5 च देतात आणि मग एकदम बंद, उजेड हळूहळू मंद होऊन इशारा मिळतो तसं काही नाही. अंधाऱ्या जिन्यात मधेच असं झालं तर? मला ते नको वाटतं.

लिथियम घेणार असाल तर सुटा सेल किल्ल्या नि नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट होऊन पेटू शकतो, प्लास्टिकच्या छोट्या डबीत ठेवा. वरचं आवरण फाटलं असेल तर वापरू नका. प्रोटेक्शन सर्किटवाला (शॉर्ट झाला किंवा फार उतरला तर स्वतःच बंद होणारा) घ्या, मात्र तो दोनतीन मिमी लांब असतो, टॉर्चमध्ये बसतो का बघून घ्या. बरेच दिवस ठेवायचा असेल तर फुल चार्ज करून नको नि रिकामाही नको, निम्म्याच्या आसपास असू दे.

आता माझ्या खिशात एए आणि 14500 दोन्ही चालणारी टॉर्च असते. आईच्या उशाशी जी आहे तिच्यात मात्र निकेलवालाच सेल घातलाय, ती टॉर्च महिनोन् महिने कोणी हातात घेत नाही आणि लागते तेव्हा लगेच लागते. सेलवर कागदाची पट्टी चिकटवून चार्ज केल्याची तारीख लिहितो, सहा महिने झाले की काढून परत चार्जरला लावतो.