टॉवेलचा कारखाना आणि एम.ए. इतिहास: माझा अनुभव

पहिल्या सेमिस्टरला आधुनिक जगाच्या पेपरला मला ८० पैकी ३४ पडले. पास होतो, पण मी तर फर्स्ट क्लास धरून बसलो होतो, कारण पेपर लिहिताना एक पुरवणी कमी पडली म्हणून दुसरी मागितली होती.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं बघतो. बी.कॉम. होऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी पहिलीत, आणि मला एम.ए. इतिहास करायची हुक्की आली. इतिहास म्हणजे पण शिवाजी महाराज किंवा पेशवाई नाही, मला महायुद्धं, शीतयुद्ध, हे सगळं नीट समजून घ्यायचं होतं. कारखान्यातला मित्र म्हणाला, "काय करलालास बे? त्या हिटलरचं तुला काय करायचंय, इथं सुताचा भाव बघ." बायकोनं मात्र एवढंच विचारलं, "अहो, फी किती?" फी ऐकून म्हणाली, करा. ॲडमिशनच्या चकरा, गॅप सर्टिफिकेट वगैरे सगळ्यांनाच माहितीय, ते सोडून देतो. मालकांनी साडेअकरापर्यंत सूट दिली आणि त्याबदल्यात रात्री आठपर्यंत थांबायचं ठरलं.

तर ते ३४. आमच्या मॅडमकडे गेलो, त्यांनी आठवून विचारलं की पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर काय लिहिलंस. मी उत्साहानं सांगितलं, २८ जून १९१४, साराएव्हो, ऑस्ट्रियाचा युवराज, सकाळचा बॉम्ब चुकतो, मग ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला गाडी वळवतो, गाडी थांबते आणि समोरच त्याचा खून करणारा प्रिन्सिप उभा. दीड पान हेच. मॅडम म्हणाल्या, "अरे, तू ड्रायव्हरला पकडलंस, युद्ध निसटलं की हातातून." मग त्यांनी कागद ओढला आणि नुसत्या तारखा लिहिल्या. २३ जुलै, ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, उत्तराला ४८ तास. २८ जुलै, युद्ध. १ ऑगस्ट, जर्मनी विरुद्ध रशिया. ३ ऑगस्ट, फ्रान्स. ४ ऑगस्ट, ब्रिटन. "खून जूनमध्ये झाला, युद्ध जुलैअखेर सुरू झालं. मधला महिना कोण काय करत होतं ते लिही. कुणी कुणाला काय शब्द दिला होता, सैन्य हलवायचं रेल्वेचं वेळापत्रक कुणाचं तयार होतं, ते लिही." रेल्वेचं वेळापत्रक म्हटल्यावर माझं डोकं चाललं, कारण डिस्पॅचचं काम मीच बघतो, एकदा ट्रक लोड करून निघाला की परत बोलवायला काय त्रास असतो ते मला चांगलं माहितीय. जर्मनीची योजना तशीच होती, आधी बेल्जियममधून फ्रान्सवर जायचं आणि मग रशियाकडे वळायचं, एकदा सैन्य हलवायला सुरुवात झाली की थांबवणं अवघडच.

दुसरी अडचण शब्दांची. चांगली पुस्तकं इंग्रजीत, पेपर मराठीत, आणि मराठी नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं गेलेली. राष्ट्रसंघ म्हणजे १९२० चा, पहिल्या महायुद्धानंतरचा, आणि संयुक्त राष्ट्रसंघ १९४५ चा, हे दोन वर्गातले निम्मे जण शेवटपर्यंत एकच समजत होते. आणि ते 'अनुनयाचे धोरण'! मी आठवडाभर अनुनय म्हणजे प्रियकर-प्रेयसीचं काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. नंतर कळलं की युद्ध टाळायला समोरच्याचं मागणं मान्य करायचं, ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकला जाऊन चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरला देऊन आला, ते हे.

तारखा लक्षात राहीनात म्हणून मी सायजिंगच्या (सुताला खळ लावण्याच्या) रद्दी झालेल्या प्रॉडक्शन शीटच्या मागच्या कोऱ्या बाजू चिकटवून एक लांब पट्टी केली, स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत. तीन रकाने, युरोप, आशिया आणि सोलापूर. सोलापूरचा रकाना खरं तर गंमत म्हणून. पण भरत गेलो तशी गंमत राहिली नाही. मे १९३०, गांधीजींना अटक, सोलापुरात गोळीबार, मग मार्शल लॉ, आणि वरच्या रकान्यात त्याच वेळी जागतिक मंदी, कापसाचे भाव कोसळलेले. १२ जानेवारी १९३१, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपान चीनच्या मांचुरियात घुसला आणि राष्ट्रसंघाला काही करता आलं नाही, चौकशी आयोग नेमला, अहवाल आला, १९३३ ला जपाननं संघच सोडला. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून मी हजार वेळा गेलोय, हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला किती वेळा गेलो ते मोजलं नाही, पण ते आणि मांचुरिया एकाच वर्षातलं आहे हे त्या पट्टीवर पहिल्यांदा दिसलं. आई म्हणाली भिंत खराब करू नकोस, सेलोटेपनं रंग निघतो. निघालाच.

चौथ्या सेमला लघुप्रबंध. पट्टीच्या सोलापूरच्या रकान्यात १९३८ ला एकच नाव होतं, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. विषय ठरला, काँग्रेसनं चीनला पाठवलेलं वैद्यकीय पथक. पाच डॉक्टर होते, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीनं निघाले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिक. ऑक्टोबरमध्ये कँटन आणि वुहान दोन्ही जपान्यांच्या हातात गेले, म्हणून पथक आधी चुंगकिंगला, चीन सरकारच्या तेव्हाच्या राजधानीला, आणि मग १९३९ च्या सुरुवातीला येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या भागात पोचलं. बाकीचे पुढे परतले, कोटणीस तिथंच राहिले, तिथल्याच नर्सशी, कुओ छिंगलानशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला फिट्स येऊन गेले, वय ३२.

मुंबईला एका ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेलो आणि कॉलेजचं पत्र घरीच विसरलो, टेबलावर, मुलीच्या कंपासपेटीखाली. डोंबिवलीला मावशीकडे दोन रात्री काढल्या तेव्हा कुठे मेलवर पत्र आलं. सप्टेंबर १९३८ चे अंक काढले तर पहिल्या पानावर रोज चेकोस्लोव्हाकिया, चेकोस्लोव्हाकिया. चीनची लढाई आत कुठेतरी, चार-सहा ओळी. तेव्हा मला माझा मुद्दा सापडला असं म्हणता येईल. नोट्समध्ये दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला सुरू होतं, पोलंडपासून. पण ७ जुलै १९३७ पासून चीन आणि जपान पूर्ण युद्धात होते, आणि सोलापूरचा माणूस पोलंडच्या आधीच तिथं जखमा शिवत होता.

एक कबुली. हे सगळं दोन महिने वाचत होतो आणि दमाणी नगरहून कॉलेजला रोज भैय्या चौकातूनच जात होतो, तरी तिथल्या कोटणीस स्मारकात एकदाही आत गेलो नव्हतो. मॅडमनी विचारलं तेव्हा लाजलो, दुसऱ्या दिवशी गेलो.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले सर अगदी शांत. फाईल चाळली आणि म्हणाले, "दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं?" मी म्हणालो, "सर, युरोपात की आशियात?" मॅडमनी खाली बघितलं. सर म्हणाले, "मी विचारतोय, तू सांग." मग मी दहा मिनिटं बोललो, मांचुरिया, १९३७, म्युनिक, येनान, सगळं, घाम पुसत, एप्रिल होता आणि वर्गातला पंखा नावाला. त्यांनी मध्येच गाठलं, "पण १९३७ चं युद्ध दोन देशांचं होतं, ते जागतिक कसं?" ह्याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. १९४१ ला पर्ल हार्बरनंतर दोन्ही युद्धं एकात मिसळली एवढं म्हणालो, आणि मग गप्प बसलो. ते म्हणाले, हेच प्रबंधात शेवटी लिहायला हवं होतं, लिहिलं नाहीस.

बाहेर आल्यावर त्यांनीच विचारलं, स्मारक लांब आहे का. माझ्या गाडीवर घेऊन गेलो. बघून झाल्यावर शेंगाची चटणी चांगली कुठे मिळते विचारलं, अर्धा किलो घेतली आणि स्टेशनला सोड म्हणाले. ग्रेड दोन महिन्यांनी कळली, बी प्लस.