क्यूआर लावला, पॅन राहिला: देणगीच्या कार्यक्रमानंतरचे दोन महिने

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या ट्रस्टचा हिशेब मी बघतो. मार्चमध्ये मदतनिधीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला. हॉल, परवाने, ध्वनिक्षेपक सगळं वेळेत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पैसेही बरे जमले. अडलो ते नंतर, कारण जमलेले पैसे कोणी दिले हेच आम्हाला सांगता येईना.

आणि ते सांगावं लागतं. ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारं आयकराचं कलम) मान्यता असलेल्या संस्थेला २०२१-२२ पासून दर आर्थिक वर्षाच्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये भरावी लागते, वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३१ मेपर्यंत. त्यातून १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि तेही त्याच तारखेपर्यंत देणगीदाराच्या हातात पडायला हवं. आपलं छापील पावतीपुस्तक कितीही सुबक असलं तरी करसवलतीला ते पुरत नाही. रिटर्नमधल्या ८०जीच्या तक्त्यात १०बीईवरचा एआरएन, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा क्रमांक, विचारतात. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आमचं हे २०२४-२५ चं काम.

तर क्यूआर. दारात एक, तिकिटांच्या टेबलावर एक, स्टेजच्या कडेला एक. बँकेने दुकानदारांना देतात तोच मर्चंट क्यूआर दिला होता. सोमवारी खात्यात बघतो तर एकच ओळ: आदल्या दिवसाची सगळी जमा, एकरकमी. १८७ व्यवहारांची. शाखेत गेलो तर उत्तर मिळालं, 'स्टेटमेंटमध्ये दिसतंय तेवढंच.' व्यवहारवार अहवाल वेगळा असतो आणि तो मर्चंटच्या लॉगिनमधून आपणच काढायचा असतो, हे कळायला तीन आठवडे गेले. ते लॉगिन आधीच्या खजिनदारांच्या मोबाइलला जोडलेलं. नंबर बदलायला विश्वस्तांचा ठराव, ठरावावर दोन सह्या, सह्या जुळत नाहीत म्हणून पुन्हा ठराव. खजिनदार बदलला की त्याच आठवड्यात हा नंबर बदलून घ्या.

अखेर अहवाल मिळाला. त्यात वेळ, रक्कम, बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि अर्धा फुल्यांनी झाकलेला यूपीआय आयडी. पॅन नाही, पत्ता नाही. ही माहिती यूपीआयमधून येतच नाही. १०बीडीला मात्र नाव, पत्ता, ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, पैसे कसे आले आणि रक्कम हे प्रत्येक ओळीत हवं. ओळख म्हणून पॅन किंवा आधार. दोन्ही नसतील तरच पासपोर्ट, मतदार ओळखपत्र वगैरे.

कार्यक्रमात देणगीदाराने नाव-पॅन भरायच्या फॉर्मची लिंक ठेवली होती, पण क्यूआरच्या शेजारी नाही, पत्रिकेच्या मागच्या पानावर. पैसे पाठवून झाले की माणूस गाणं ऐकायला लागतो, पान उलटत नाही. १८७ पैकी ६१ जणांनी फॉर्म भरला. उरलेल्यांचा माग काढायला स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअॅप गटांत निरोप फिरवला. लोक पॅन द्यायला कचरतात, आणि बरोबरच आहे. निरोप ट्रस्टच्या नेहमीच्या नंबरावरून जाऊ द्या, पॅन कशासाठी हवा ते एका वाक्यात लिहा आणि ओटीपी कधीही मागणार नाही हेही लिहा. तेवढ्यावर बरेच जण देतात.

मग जुळवाजुळव. इथे एक दिवस फुकट गेला तो असा: आधार बारा आकडी, यूपीआयचा संदर्भ क्रमांकही बारा आकडी. साध्या रकान्यात टाकला की स्प्रेडशीट त्याचं १.२३४५७ई+११ करते. १०बीडीची यादी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चढवायची असते; तशीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली तर दिसतं तेच साठतं, मूळ आकडे कायमचे गेले. म्हणून आकडे टाकण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करायचा, आणि सीएसव्ही कधीही पुन्हा स्प्रेडशीटमध्ये उघडून साठवायची नाही. दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करून नवीन सीएसव्ही काढायची.

पॅन तपासायला डोळे पुरतात. पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. पहिल्या पाचांत शून्य दिसलं तर तो 'ओ' आहे. चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', ट्रस्टसाठी 'टी'. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, त्यामुळे मित्राचा पॅन चुकून दिलेला लगेच कळतो. नवऱ्याचा पॅन आणि बायकोचं नाव असेल तर ही युक्ती चालत नाही. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्या नावाने करायची. मुलाने स्वतःच्या फोनवरून पाठवले आणि पावती आईच्या नावाने हवी, असं दर कार्यक्रमात कोणीतरी म्हणतंच.

ज्यांचा माग लागला नाही त्यांची रक्कम निनावी ठरते. आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान, आयकरात तसा नाही: निव्वळ धार्मिक नसलेल्या ट्रस्टला वर्षभरातल्या निनावी देणग्या १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या रकमेपलीकडे गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर. दानपेटीही यातच मोजतात.

रोखीचं राहिलंच. २,००० रुपयांवर रोख दिली तर ८०जी अजिबात मिळत नाही, पहिल्या दोन हजारांवरही नाही. 'मग तीन पावत्या करा' म्हणणाऱ्याला हसून क्यूआर दाखवायचा. तिकिटाचे पैसे आणि देणगी वेगळ्या पुस्तकात लिहा, नाहीतर तिकिटाच्या पैशांवरही ८०जी मागतात. कायमनिधीसाठी (मुद्दल न खर्चता राखून ठेवायचा निधी) देणगी असेल तर देणाऱ्याकडून तसं लेखी घ्या.

परदेशातल्या पाहुण्यांना क्यूआर दाखवण्याआधी पासपोर्ट विचारा, उद्धट वाटलं तरी. भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेलं चालतं. ओसीआय कार्ड असलं तरी परदेशी नागरिकाचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत.

वस्तूंवर ८०जी नाही, पण त्या नको असतात असं नाही. औषधं मात्र घरात उरलेली आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं रुग्णाला एकदा दिलेलं औषध परत घेऊन दान करायला मनाई करतात, आणि दान पोहोचताना मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी असं सांगतात. उरलेल्या गोळ्यांच्या पिशव्या निवडत बसायला आमच्याकडे माणसं नाहीत.

स्टेजवरून मागताना 'सढळ हाताने' म्हणून फार काही येत नाही. या मुलांना साधारण तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला तर ताप येण्याचं प्रमाण कमी होतं. तो फिल्टर हातात धरून 'एका वेळचा एक' म्हटलं, की लोक खिशातून फोन काढतात. पुढच्या वेळी त्याच फलकावर दोन चौकोन असतील: वर फॉर्मचा, खाली पैशांचा, आणि टेबलाशी एक माणूस उभा.

१०बीडी तिसऱ्या प्रयत्नात गेला. रकान्यांचा क्रम बदललेला चालत नाही. चूक राहिलीच तर सुधारित फॉर्म भरता येतो. २४ तासांनी १०बीई निघाले, ३० मेला सगळ्यांना मेल केले. पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं: 'मी नवीन करप्रणालीत आहे, मला ८०जी लागत नाही.' त्यांचा पॅन मिळवायला मी चार फोन केले होते, आणि पुढच्या वर्षीही करावे लागणार, कारण त्यांना सवलत नको असली तरी यादीत नाव लागतंच.