टकटक

"ह्यो कानात टकटक करणारा कोण हाय लेकरा? त्याला सांग, माझ्या मागं चाल म्हणावं."

एवढं बोलून गोंधळी मामांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. लय धरायला कानात टकटकणारी क्लिक मीच लावली होती, मिनिटाला ९२ ठोक्यांवर.

बंद केली. स्टुडिओच्या आत आग चालत नाही, म्हणून त्यांनी विझलेली दिवटीच माईकसमोर उभी केली. कापडाला तेलाचा वास होता. मग संबळावर ती टोकाला वळलेली काठी पडली आणि आवाहन सुरू झालं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका... एकेक दैवत येत गेलं तशी लय चढत गेली. शेवटी मोजली तर ११८! सव्वीस ठोके कुठं वाढले, ते ऐकताना कळलंसुद्धा नाही.

रात्री परभणीतल्या या खोलीत जुन्या फायली काढून बसलोय. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या मावशींनाही मी क्लिकवरच गायला लावलं होतं. जातं कधी एका चालीनं फिरतं का? घास टाकला की जड, पीठ पडत गेलं की हलकं.

मावशींना उद्या फोन करतो. या वेळी जातंच आणतो आत.

पुन्हा म्हणतील ना त्या?