काय हरवलंय?

"त्या माणसाचं काय हरवलंय रे?"

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. हातात मेथीची जुडी. मी मोबाइलवर जुनी क्लिप बघत होतो. 11 मे 2013, पोर्तुगालच्या फुटबॉल लीगमधली मॅच, पोर्तो विरुद्ध बेनफिका. 92व्या मिनिटाला पोर्तोच्या केल्विनने गोल मारला. बदली म्हणून आलेला, 19 वर्षांचा पोरगा! आणि बेनफिकाचे कोच जोर्ज जेझुस मैदानाच्या कडेला मटकन गुडघ्यांवर बसले.

"लीग हरवली," मी म्हणालो.

"मग उठवायला कुणी नाही का?"

आता काय सांगू हिला? त्या दिवसापर्यंत बेनफिका लीगमध्ये एकही मॅच हरली नव्हती. शेवटी पोर्तो 78, बेनफिका 77. एका गुणाने गेलं सगळं. चार दिवसांनी युरोपा लीगची, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेची, फायनलही इंग्लंडच्या चेल्सीने तशीच नेली, अगदी शेवटच्या क्षणी.

पुढच्याच मोसमात याच माणसाने लीग आणि देशातले दोन्ही कप जिंकले. त्याची क्लिप मी एकदाही शोधली नाही. ही मात्र दहादा बघितलीय.

आई मेथी निवडायला निघून गेली. मी क्लिप परत मागे नेली.

तुम्ही कधी बघितलंय का, त्यांना हात कोण देतं?