सात डिग्रीची रेघ

नोव्हेंबरमध्ये आमच्या वर्कशॉपमध्ये निम्मे लोक पंक्चर समजून येतात आणि पंक्चर नसतंच. सप्टेंबरात पंचवीस डिग्रीला हवा भरलेली असते, मग एका रात्रीत पारा चारवर येतो आणि सकाळी डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा पिवळा दिवा. साधारण दर दहा डिग्रीला ०.१ बार हवा कमी होते, एवढाच प्रकार. हवा मारायची, दिवा घालवायचा, पुढची गाडी. ज्याची ही गोष्ट आहे तो माणूसही त्या दिव्यासाठीच आला होता.

मी श्टुटगार्टजवळ एका टायरच्या वर्कशॉपमध्ये आहे, सहा वर्षं झाली. त्याआधी चाकणला आणि त्याच्याही आधी सांगलीला वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात. इथे ऑक्टोबर ते ईस्टर थंडीत मऊ राहणारे विंटर टायर, बाकी वर्ष समर टायर, आणि दोन्हीवेळा बदलायला अख्खं गाव एकाच आठवड्यात येतं. जर्मन माणूस शिस्तीचा वगैरे म्हणतात ना, त्याला पहिला बर्फ पडायच्या दिवशी सकाळी साडेसातला आमच्या दारात बघा. लोकांची काढलेली चाकं आम्हीच सांभाळतो, त्याला इथे टायरचं हॉटेल म्हणतात. मागच्या गोडाऊनमध्ये छतापर्यंत रॅक, प्रत्येक सेटला गाडीच्या नंबरचं लेबल. एकदा लेबलं चुकून एकाची चाकं दुसऱ्याच्या गाडीला चढली होती, ती कथा वेगळी.

तर गाडी होती पोर्श केमन जीटी४. चार लिटरचं इंजिन, ४२० हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर, मागच्या चाकांना ताकद. सेकंडहँड घेतलेली, पण चकाचक. माझ्या सहकाऱ्याने काउंटरवरून नाव वाचलं आणि ओरडला, तुझा गाववाला आलाय. आडनावावरूनच कळलं. मी जर्मनमध्ये सुरू केलं, त्याने माझ्या शर्टवरचं नाव बघितलं आणि म्हणाला, "अहो दादा, मराठीत बोला की." पुण्याचा, इथे एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. लहानपणी भिंतीवर ज्या गाडीचं पोस्टर होतं तिच्या जवळपास जाणारी गाडी पस्तिशीत घेतलेली. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी लिफ्टवर घेतली आणि बघतो तर टायर सेमी-स्लिक. मागे २९५ मिलिमीटर रुंद, पुढे २४५, रिम वीस इंची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा टायर रेसट्रॅकवर जाऊन घरी परत यायला बनवलेला असतो. खाचा नावाला, रबर असं की तापलं की चिकट होतं, उन्हाळ्यात अशी गाडी आत आली की टायरला गुळाला मुंग्या लागाव्यात तशी बारीक खडी चिकटलेली असते. आणि थंड असला की अंगठ्याचं नख रुतत नाही. कडाक्याच्या थंडीत तर हे टायर हलवू, वाकवू पण नका, तडे जातात असं बनवणारेच लिहून देतात. आम्ही असे टायर रात्रभर आत गरम झाल्याशिवाय मशीनवर घेतच नाही. पण गाडी विकणारा हे सगळं सांगत नाही, तो एक्झॉस्टचा आवाज ऐकवतो.

मी म्हटलं, साहेब याच्यावर हिवाळा निघणार नाही. तो म्हणाला साहेब नका म्हणू, आणि मग विचारलं, "मागच्या चाकांनाच ताकद आहे ना, मग मागचे दोनच विंटर घातले तर?" हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच आणि प्रत्येक वेळी डोकं फिरतं. मागे विंटर, पुढे सेमी-स्लिक म्हणजे गाडी सुटेल मस्त, पण वळणार कशाने आणि थांबणार कशाने? चारही विंटरच पाहिजेत, कायदाही तेच म्हणतो. आणि टायरवर डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह पाहिजे, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. बर्फात, गोठलेल्या दवात नाहीतर काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर, विंटर टायरशिवाय पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर दंडाचा एक पॉइंट.

मग ऑल-सीझनचा, म्हणजे बारा महिने एकच टायर वापरायचा विषय निघाला. त्या मापात नीट काही मिळत नाही, आणि मिळालं तरी अशा गाडीला ते म्हणजे पैठणीवर स्पोर्ट शूज. विंटर टायर पण असल्या गाडीचे निवडायला लागतात. पोर्शने तपासलेल्या टायरवर एन आणि पुढे आकडा असा शिक्का असतो, तो बघायचा, चारही एकाच जातीचे घ्यायचे. ब्रेकच्या डिस्क इतक्या मोठ्या की कुठलीही छोटी रिम बसत नाही. वेगाचं अक्षर बघायचं, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, गाडी जाते ३०४ ला, म्हणून ड्रायव्हरला दिसेल असा स्टिकर लावायचा की या टायरवर एवढाच वेग. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं की स्टिअरिंग वळवलं की गाडी आता क्षणभर विचार करेल, कारण विंटर टायरचे ठोकळे बारीक चिरा मारलेले असतात, ते हलतात. त्या चिरांमध्ये बर्फ अडकतो आणि बर्फाला बर्फच धरतो, म्हणून पकड येते. कोरड्या रस्त्यावर त्याचीच किंमत मोजायची. हे नाही सांगितलं तर दोन दिवसांनी फोन येतो, तुम्ही अलाइनमेंट बिघडवली.

सेट ठरला, रिमसकट ऑर्डर केला, पण नोव्हेंबर असल्याने दोन आठवडे लागणार होते. आणि इथे त्याने तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. "तोपर्यंत ऑफिसला नेली तर चालेल का? अकरा किलोमीटर आहे. ते सात डिग्रीचं खरं असतं का हो?"

काउंटरवरचं उत्तर ठरलेलं आहे. सात डिग्रीच्या खाली समर टायर नाही, विषय संपला. मी हे जर्मनमध्ये हजारवेळा बोललोय, झोपेतही बोलेन. पण मराठीत विचारल्यावर कसं कोण जाणे खरं उत्तर बाहेर आलं. मी म्हटलं, बघा, आईच्या खोबरेल तेलाच्या बाटलीसारखं थंडीत एका सकाळी गोठलं असं रबराचं होत नाही. ते हळूहळू कडक होत जातं, सात ही कोणीतरी लक्षात राहावी म्हणून मारलेली रेघ आहे. कोरड्या रस्त्यावर तीन-चार डिग्रीला चांगला समर टायर विंटरपेक्षा कमी अंतरात थांबतो, हे मी स्वतः बघितलंय. पण तुमचा समर पण नाही, सेमी-स्लिक आहे, रस्ता ओला असेल तर गाडी काढायचीच नाही.

हे सगळं खरं आहे. आजही एक शब्द मागे घ्यावा असं नाही. पण मी ते ह्याच क्रमाने बोललो का, हे मला नक्की आठवत नाही. एवढं आठवतं की "विंटरपेक्षा कमी अंतरात" म्हणालो तेव्हा तो हसला, आणि "पण" म्हणालो तेव्हा त्याच्या खिशातला फोन वाजला.

बिल केलं. आमच्या मास्टरचा, म्हणजे वर्कशॉपच्या प्रमुखाचा, नियम आहे की असं काही असेल तर बिलावर लिहायचं, गिऱ्हाईकाला सूचना दिली. मी जर्मनमध्ये लिहिलं, सात अंशांखाली या टायरवर गाडी चालवू नये असं सांगितलं आहे. त्याने सही केली. कागदावर सात, तोंडाने दुसरंच.

दहा दिवसांनी सकाळी टो ट्रकवर गाडी आली. त्याला काही झालं नव्हतं, आधी तेच बघितलं. तीन डिग्री होतं, बर्फ नाही, पाऊस नाही. जंगलातून जाणारा रस्ता, जिथे दुपारपर्यंत ऊन पोचत नाही तिथे डांबर ओलसर. राउंडअबाउटमधून बाहेर पडताना सेकंड गिअरमध्ये थोडा पाय दिला आणि मागची बाजू निघून गेली. गाडीतलं स्टॅबिलिटी कंट्रोल चालू होतं, पण टायरलाच पकड नसेल तर कॉम्प्युटर तरी काय करेल. मागची उजवी रिम फुटपाथच्या दगडावर आपटून चिरली, सस्पेन्शनचा आर्म वाकला. मी टायरवर हात ठेवला. घरापासून चार किलोमीटर चाललेला टायर, दगडासारखा गार.

"पाऊस नव्हता दादा," तो म्हणाला. "नुसतं ओलसर होतं."

तुम्हीच म्हणाला होतात, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडलो तरी असतो.

संध्याकाळी मास्टरला सगळं सांगितलं. तो अजिबात चिडला नाही. म्हणाला, म्हणूनच काउंटरवर एक वाक्य असतं, दोन नसतात. माझा रोमानियन सहकारी म्हणाला गिऱ्हाईकाला फिजिक्स शिकवायचं नसतं, टायर विकायचे असतात. हा गडी एरवी तीन शब्दांवर बोलत नाही आणि त्याचा टॉर्क रेंच कधी चुकत नाही, त्यामुळे मी गप्प बसलो, पण पटलं नाही. अर्धवट व्हिडिओ बघून आलेल्या लोकांना आम्ही हसतो, आणि स्वतः काउंटरवर अर्धवटच विकतो. पण पूर्ण सांगितलं तर हे असं.

पुढच्या आठवड्यात इन्शुरन्सवाल्यांनी टायरचे कागद मागितले, त्यात ते बिल गेलं. मला धोका नाही, वर्कशॉपलाही नाही, सगळं लिहिलेलं आहे. कागद माझ्या बाजूने बोलतो आणि तो वाचला की मलाच कसंतरी होतं.

जानेवारीत गाडी दुरुस्त होऊन आली, विंटर सेट मीच चढवला. गाडीच्या मेनूत टायरचा प्रकार बदलून विंटर केला, स्टिकर लावला, पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला या म्हटलं. तो आला, येताना डब्यात चकल्या घेऊन आला. जाता जाता काच खाली करून विचारलं, "दादा, आता परत समर कधी?"

"ईस्टरला," मी म्हटलं.

"पण मार्चमध्ये कोरडं असेल, बारा-तेरा डिग्री असेल तर?"

"ईस्टरला."