पैलतीर नसलेली नाव

आमच्या कृष्णाकाठी नाव ही ओलांडण्यासाठी असते. या काठावरून त्या काठाला जायचे, काम उरकायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे, एवढाच तिचा धर्म. धारेबरोबर नावेतून गावोगाव हिंडावे, असे माझ्या माहेरात कुणाच्या मनात आल्याचे मी ऐकलेले नाही. माझे माहेर चिकोडी तालुक्यात, कल्लोळच्या बाजूला. लहानपणी येडूरच्या वीरभद्राच्या जत्रेला आम्ही नावेतून जात असू, तेव्हा आई नावेत पाय ठेवण्याआधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावी आणि पलीकडे उतरेपर्यंत आमची मनगटे सोडत नसे. नावाड्याला आमच्या घरून रोख पैसे जात नसत. सुगी झाली की जोंधळा जाई. पुढे बंधाऱ्यावरून मोटारसायकली धावू लागल्या आणि नाव काठावर पालथी पडली ती पडलीच. तरी दर पावसाळ्यात कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी पेपरात येते, आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला लांबचा वळसा पडतो.

पाणी त्याहून वाढले की काहील बाहेर निघते. गुऱ्हाळावर उसाचा रस कढवण्याची ती भली मोठी, उथळ, गोल कढई पुरात नावेचे काम करते. तिला पुढे नाही आणि मागेही नाही. वल्ह्याचा हात जरा चुकला की ती जागच्या जागी गरगरते, आणि आत बसलेल्याला क्षणाक्षणाला वेगळाच काठ समोर दिसतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या आप्पांनी दोन रेडके, धान्याची पोती आणि शेजारची एक बाळंतीण, अशा क्रमाने काहिलीतून माळावर पोचवली. या क्रमाबद्दल ती बाळंतीण त्यांना अजून बोल लावते.

अशा माणसापुढे गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाने केरळातल्या हाऊसबोटीचा बेत मांडला. आप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “चढायचं कळलं. उतरायचं कुठल्या काठाला?”

“आप्पा, जिथं चढायचं तिथंच दुसऱ्या दिवशी उतरायचं.”

“मग जायचं कशाला?”

या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. तिकिटे मात्र काढलेली होती. पूर्णा एक्सप्रेस बेळगावहून थेट एर्नाकुळमला जाते. तिच्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी संपवत, आणि आईचे ‘पाण्यात मुलांना सोडू नका’ हे एकच वाक्य अनेकदा ऐकत, आम्ही सहा जण आलप्पुळला पोचलो.

तिथल्या नावेला केट्टुवल्लम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधणे आणि वल्लम म्हणजे नाव. पूर्वी या नावा भात आणि इतर माल वाहून नेत. रस्ते आणि ट्रक आल्यावर त्यांचे काम गेले, आणि 1990 नंतरच्या वर्षांत त्यांच्यावर बांबूचे छप्पर, खोल्या आणि स्वयंपाकघर चढवून त्यांना पर्यटकांच्या दावणीला बांधण्यात आले. आम्हाला छपराखालच्या वेताच्या खुर्च्यांचे अप्रूप, आणि आप्पा मात्र काठावर उकिडवे बसून नावेची कड चाचपत होते. जुन्या पद्धतीच्या केट्टुवल्लमच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असतात आणि वरून काजूच्या टरफलाचे काळे तेल चोपडलेले असते. आप्पांनी एका टाक्यात नख घालून पाहिले, तो हलत नाही अशी खात्री करून घेतली, मग अंगठ्याने दोरीचा पीळ उलटा फिरवून किती पदरांची आहे ते मोजले. आयुष्यभर केकताडाची दावी वळलेला तो अंगठा आहे. “गाठ चांगली मारल्या,” असा निकाल त्यांनी दिला, आणि त्यानंतरच ते खुर्चीवर येऊन बसले.

नाव निघाली. नदीतून कालव्यात, कालव्यातून दुसऱ्या नदीत, मध्येच वेंबनाडच्या विस्तीर्ण सरोवराच्या कडेने आणि पुन्हा एका अरुंद कालव्यात. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या तिथे एकमेकींत आणि सरोवरात अशा मिसळल्या आहेत की अमुक पाणी अमक्या नदीचे असे आम्हा परक्यांना सांगता येत नाही. घरांची दारे पाण्याकडे. उंबऱ्याखाली दोन पायऱ्या, तिसरी पाण्यात, आणि तिच्यावर बसून एक बाई मासे साफ करत असलेली. आमच्याकडे नदीकडे गावाची पाठ असते. फार तर घाट आणि देऊळ तिच्याकडे तोंड करून असतात. मुलगा फोटो काढून दमला तेव्हा आप्पांची आणि नावेवरच्या पोऱ्याची गट्टी जमली होती. सीमेवरच्या माणसाला कन्नड येते त्याचा असा उपयोग होतो: आप्पांचे ‘मीनु’ त्याला मीन म्हणून कळले, ‘मर’ त्याला मरम म्हणून, आणि चिंचेच्या ‘हुळी’ला तो पुळी म्हणाला तेव्हा दोघेही मोठ्याने हसले.

मग आप्पा एकाएकी उभे राहिले. डाव्या हाताला बांधापलीकडे भातशेत होते, आणि ते आमच्या नावेहून खाली होते. बांधावरच्या माडांचे बुंधे आमच्या डोळ्यांसमोर आणि त्यांच्यापलीकडचे रान खोल, घराच्या माळ्यावरून अंगण दिसावे तसे. कुट्टनाडची ही शेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे, साधारण एक ते दोन मीटर. जगातल्या वारसा-शेतीच्या यादीत 2013 साली तिचे नाव गेले आहे. पाण्यातला चिखल काढून बांध घालायचे आणि आतले पाणी उपसून भात लावायचे, असा हा खटाटोप आहे. पुढे एका शेताच्या बांधावर उपशाचे यंत्र चालू होते. त्याला तिथे पेट्टी आणि परा म्हणतात: उभ्या पिंपात मोटारीवर फिरणारे पाते, आणि वर आलेले पाणी बांधाबाहेर ओतणारी आडवी लाकडी पेटी. आप्पांनी नाव थांबवायला लावली. कमरेवर हात ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले. आमच्याकडच्या मोटारी नदीतले पाणी रानात आणतात, आणि इथली मोटार रानातले पाणी नदीत टाकत होती. “उलटं चाललंय सगळं,” ते म्हणाले. पण या वेळी त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

वेंबनाडवरच्या तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याचे मी त्यांना समजावून सांगू लागले. समुद्राचे खारे पाणी उन्हाळ्यात शेतांकडे चढू नये म्हणून त्याची दारे डिसेंबरात पाडतात आणि भाताचे पीक निघाल्यावर उघडतात. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत आप्पा म्हणाले, “म्हणजे बरगेच की!” पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे, हे त्यांनी जन्मभर पाहिलेले. फरक एवढाच, की आम्ही पाणी जाऊ नये म्हणून अडवतो आणि ते येऊ नये म्हणून.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला नाव माडाला बांधली गेली, कारण त्यानंतर कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात. मुलाला हे मुळीच पटले नाही. एजंटाने रात्रीच्या सफरीचे वर्णन फार रंगवून केले होते. जनरेटरची घरघर, डासांची गुणगुण आणि शेजारच्या नावेवरची गाणी, यांत ती रात्र गेली. खरे सांगायचे तर हाऊसबोटीचा थाट मला दुसऱ्या दिवशी जरा अवघडल्यासारखा वाटू लागला होता. लोकांच्या उंबऱ्यासमोरून खुर्चीत बसून जाणे आणि त्यांच्या पायरीवरच्या भांड्यांकडे पाहणे यात काही तरी शिष्टाचार चुकतो.

त्याची भरपाई सरकारी बोटीने केली. आलप्पुळच्या धक्क्यावरून कोट्टयमला तिथल्या जलवाहतूक खात्याची बोट जाते, अगदी आपल्या लाल बससारखी: लाकडी बाके, चामड्याची पिशवी लावलेला कंडक्टर आणि फाडून दिलेली तिकिटे. पुढे चक्र धरणाऱ्याला तिथे स्रांक म्हणतात, कोकणातल्या सारंगाचा तो सख्खा भाऊ असावा. तो दोरी ओढून घंटा वाजवतो आणि इंजिनपाशी बसलेला माणूस तिच्या टोल्यांवर वेग कमी-जास्त करतो. दप्तरे घेतलेली मुले एका धक्क्यावर चढत आणि तिसऱ्या धक्क्यावर उतरत होती. कोंबडीची पाटी घेतलेल्या एका आजीबाईने आईला सरकून बसायला सांगितले, आणि त्या क्षणापासून आईने नातवंडांची मनगटे सोडली. पाण्याची भीती गर्दीत बसल्यावर जाते, हे मलाही तेव्हाच कळले.

ह्यांचे लक्ष मात्र कालव्याकडे होते. माझे सासर रायबाग तालुक्यात, घटप्रभेच्या डाव्या कालव्यावर. कालवा म्हणजे पाण्याची पाळी, कालवा म्हणजे रात्री दोनला कंदील घेऊन रानातल्या पाण्याची दारे मोडायला जाणे, आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचले नाही म्हणून सख्ख्या चुलत भावांत वर्षभर बंद पडलेले बोलणे. त्यात मूल उतरले तर पाठीत धपाटा. त्याच्यावरून माणसे तिकीट काढून नोकरीला जात असतील, ही कल्पना ह्यांना पचायला वेळ लागला. गंमत अशी, की केरळातला कोल्लम ते कोट्टापुरम हा जलमार्ग 1993 साली राष्ट्रीय ठरला, आणि 2016 च्या कायद्याने देशभरचे जे 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यांत आमच्या घटप्रभेचे आणि मलप्रभेचेही नाव आहे. हे मी बोटीत सांगितले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मीच ते पत्रक काढले असावे. मे महिन्यात घटप्रभेच्या पात्रातून आम्ही चपला न भिजवता चालत गेलेलो आहोत.

गावी परतल्यावर पारावर आप्पांना हाऊसबोटीबद्दल विचारण्यात आले. ते ए.सी.बद्दल बोलले नाहीत, माशांच्या कालवणाबद्दलही नाही. नदी वर आणि रान खाली, हे त्यांनी हाताने करून दाखवले. कुणी विश्वास ठेवला नाही. एकाने तर उन्हाने आप्पांना भोवळ आली असेल असा अंदाज बांधला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पाऊस धो धो चालू होता आणि बोलणे तुटत होते.

“बंधारा गेला पाण्याखाली,” ते म्हणाले. “काहील घासून ठेवल्या.”

मी काळजी घ्या वगैरे म्हणू लागले, तर त्यांचे लक्ष नव्हते.

“ती घंटीची बोट पाहिजे होती बघ इथं. तिकीट काढून येडूरला जाऊन आलो असतो.”